बल्लारशाहपर्यंत

नागपूरला गाडी रिकामी येत नाही कधी.
दिल्लीहून येते ती रात्रभर, दिवसभर वापरलेली.
शेंगांची टरफलं, काचेवर कुण्या पोराच्या बोटांची नक्षी,
आपल्या बर्थवर आधीच कोणाची तरी चादर.
डब्यातली भांडणं होऊन, मिटून गेलेली.
आपण शिरतो दुसऱ्यांच्या गोष्टीत, मधल्याच पानावर,
आणि वर म्हणतो, सरका हो जरा, सीट आमची आहे.

आम्ही तिघी. शकू पराते, इंदू मेश्राम, मी.
टेलिफोन ऑफिसातल्या, जुन्या ट्रंक बोर्डावरच्या.
निघालो होतो कन्याकुमारीला.
चौथी सकीना. ती येणार नव्हती.
नवऱ्याची साखर, आठ वाजताची सुई.
इतवारीहून नुसती आली होती सांभारवडीचा डबा द्यायला,
आणि "तुमच्यानं सामान लागते का कधी" म्हणत
चढली आत, बॅगा बर्थखाली ढकलायला.

शकूची बॅग अडली. इंदूला साखळी सापडेना.
सकीना रिदा आवरून खाली वाकलेली,
आणि बाहेर फलाट, चहावाल्यासकट,
मागे मागे जाऊन राहिला होता.

"साखळी ओढा!" म्हणत ग्वाल्हेरचे काका उठले.
"राहू द्या," कोणीतरी म्हणालं.
सकीनाच म्हणाली होती. तिलाही उशिरा कळलं.

टीसी म्हणाला, बाई, आता थेट बल्लारशाह. तीन तास.
दंडाची पावती तिनं घडी करून
बटव्यात ठेवली, तिकीट असल्यासारखी.

मग मुलाला फोन.
"आज अब्बूंना सुई तूच दे. हो, तूच.
बेंबीपासून चार बोटं सोडून.
हात थरथरला तर थांब. मग दे."
डबा गप्प झालेला.
वरच्या बर्थवरून फौजी पोरगा म्हणाला,
"दे देगा आंटी, दे देगा."

आठ दहाला मेसेज आला: दिली.
तेव्हा कुठे डबा उघडला.
लेकीकडून चेन्नईला परतणाऱ्या आजी
सांभारवडी म्हटल्यावर वाकून वाकून पाहत राहिल्या,
सांबार कुठे आहे?
इंदूनं हातवाऱ्यांनी सांगितलं,
आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.
आजींना पटलं नाही.
चार वड्या खाल्ल्या, तरी पटलं नाही.

सकीना खिडकीला. बाहेर काळोख, मधेच चंद्रपूरचे दिवे.
"किती वर्षं रोज बोलली मी बल्लारशाहशी," म्हणाली.
"कोळशाचे कॉल, लाकडाचे, मयतीचे.
तिकडे एक होता, श्रीनिवास की श्रीनिवासन,
लाइन लागेपर्यंत विचारायचा,
नागपूरला आज किती डिग्री?
मी म्हणायची, पंचेचाळीस.
थंडीतसुद्धा पंचेचाळीस. हसायचा."
आम्ही शेजारीच बसायचो तिच्या, हेडफोन लावून.
हे कधी ऐकलं नव्हतं.

बल्लारशाहला तिला सोडायला
अर्धा डबा उतरला, आजीसुद्धा.
तिनं स्टेशनची पाटी वाचली, सावकाश,
जितक्या लिप्यांत होती तितक्या.
मग जुन्या आवाजात, बोर्डावरच्या,
रिकाम्या फलाटाला सांगितलं,
"पंचेचाळीस."
जानेवारी होता. सगळ्यांच्या अंगात स्वेटर.
परतीच्या गाडीला अजून दोन तास होते
आणि तिला काही घाई दिसत नव्हती.

कन्याकुमारीला समुद्र होता.
तीन रंगांचा म्हणतात. आम्हाला एकच दिसला.
फोटोत आम्ही तिघी, मधे एकीची जागा सोडून,
मुद्दाम नाही, उभ्याच तशा राहिलो.

परतलो तेव्हा पहाटेचे साडेतीन.
सकीना फलाटावर, शाल गुंडाळून.
रिकामा डबा परत देत नाहीत,
म्हणून केळ्याचे वेफर्स भरून आणलेले.
"नवरा कसा आहे?"
"पोरगाच देते आता सुई. माझ्यापेक्षा हलका हात आहे म्हणते."
"आत ये न मग, बॅग ओढ," शकू दारातून ओरडली.
सकीना पुढे झाली. दांडीला हात लावला.
एक पाय फलाटावर, एक पायरीवर.

"हिचा पुढचा थांबा कोणता?"

आतून कोणीतरी झोपेतच म्हणालं,
इटारसी.